मद्रासची विहीण

लोरेटानं उर्वीच्या हातावर आपला हात ठेवला आणि सुरीचं तोंड जरासं वळवलं.

"काट्याला धरून चाल. मांसात शिरू नकोस," ती इंग्रजीत म्हणाली. "काटाच तुला वाट दाखवेल."

उर्वीनं जिभेचं टोक दातांत धरलं, सुरी सरकवली, आणि हातभर लांबीच्या सॅमन माशाची एक बाजू सबंध सुटून फळीवर आडवी झाली. लोरेटा नुसतं "हं" म्हणाली. तेवढ्यानं उर्वीचा चेहरा असा फुलला, की पलीकडे घडीच्या खुर्चीवर बसलेल्या गिरजानं नजर नदीकडे वळवली. मुलगी शाळेत पहिली आली होती, डिग्री घेऊन स्टेजवरून उतरली होती, लग्नात हार घालून उभी राहिली होती. पण आईच्या एका हुंकारासाठी तिचा चेहरा असा फुललेला गिरजाला आठवत नव्हता.

तिच्या मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा होता. हिल्सबरोहून निघाल्यापासून तो तिनं मांडीवरच धरला होता. अजून कुणी उघडला नव्हता.

खाली देशूट्स नदी काळ्या खडकांच्या चिंचोळ्या फटीत घुसून आपटत होती. एवढी रुंद नदी, पण शेरार्स फॉल्सपाशी खडक तिला दोन्ही बाजूंनी असा आवळतो, की पाणी पांढरं होऊन ओरडत कोसळतं. त्या पाण्यावर, खडकाला दोरांनी बांधलेली लाकडी मचाणं अधांतरी उभी होती. त्यातल्या एकावर लोरेटाचा मुलगा, म्हणजे गिरजाचा जावई वेस्ली, कमरेला दोर बांधून उभा होता. हातात त्याच्या कितीतरी पट लांब काठी, काठीच्या टोकाला मोठं कडं आणि कड्याला जाळं. ते जाळं तो वरच्या अंगाला पाण्यात बुडवी, प्रवाहाबरोबर तळातून ओढत खाली आणी, उचले, पुन्हा बुडवी. धबधबा चढू पाहणारा मासा फेसात दिसत नाही. काठीला धक्का बसला की कळतो. वॉर्म स्प्रिंग्जच्या त्याच्या मूळनिवासी लोकांनी कितीक पिढ्या इथं असेच मासे धरले होते. जमिनी गेल्या तेव्हाही हा हक्क त्यांनी सरकारशी केलेल्या करारात राखून ठेवला. मचाणावर त्यांनीच उभं राहायचं, बाकीच्यांनी वर कठड्याशी थांबून बघायचं.

गिरजाचा नवरा जगन्नाथ तसा कठड्याशी थांबून मघापासून बघत होता.

"काय ताकद आहे पोराच्या दंडात," तो वळून म्हणाला. "गिरजा, ये ना इकडे. बघ तरी."

"मी पाहिलंय," गिरजा म्हणाली.

तिनं खरंच पाहिलं होतं. पण इथं नाही.

उर्वी हात धुऊन आली आणि आईच्या खुर्चीशेजारी खडकावर टेकली. तिला तिसरा महिना संपत आला होता. अजून पोट दिसत नव्हतं, पण बसताना तिनं एक हात तिथं ठेवला.

"आई, एक सांगायचंय. चिडू नको."

"म्हणजे चिडण्यासारखं आहे."

"डिलिव्हरी आम्ही मद्रासलाच करायचं ठरवलंय. म्हणजे, डॉक्टर तिथली आहे, वेस्लीचं काम तिथं, माझी शाळा तिथं. आणि मॉम शेजारीच आहे. शी विल बी देअर."

ओरेगनमध्ये मद्रास नावाचं गाव आहे. उर्वी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायची. "आम्ही मुलगी मद्रासला दिली, पण इडली काही मिळत नाही हो," असं जगन्नाथ महाराष्ट्र मंडळात सगळ्यांना सांगे आणि स्वतःच हसे. गिरजाला त्या विनोदाचं हसू कधीच आलं नव्हतं.

"पहिलं बाळंतपण माहेरी असतं," ती म्हणाली.

"इथं तसं नसतं ना, आई. अँड यू वर्क फुल-टाइम."

"मी रजा साठवून ठेवलीय. केव्हापासूनची."

उर्वीनं मान वळवून पलीकडे लोरेटाकडे पाहिलं. काही मागण्यासाठी नव्हे, नुसतं पाहिलं. अवघड जागी माणूस आपल्या माणसाकडे पाहतं तसं. लोरेटा पाठमोरी होती. उंच, रुंद पाठीची बाई, दोन पांढुरक्या वेण्या, पुरुषी जाकीट. शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी करून निवृत्त झालेली. तिला या बोलण्यातलं काही कळलंही नसेल. पण गिरजाला त्या एका नजरेनं जे झोंबलं, ते मद्रासच्या डॉक्टरनंही झोंबलं नव्हतं.

"ठीक आहे," ती म्हणाली आणि डब्याचं झाकण उगाच घट्ट केलं.

गिरजा मूळची पवनीची. भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठावर ढिवरांच्या वस्तीत तिचं घर होतं. बाप डोंगा घेऊन नदीत जाळं टाकायचा आणि माय टोपलं घेऊन बाजारात बसायची. शाळेतून आली की गिरजा दप्तर टाकून मायच्या शेजारी विळीवर बसे. अक्षरांच्या आधी ती मासा कापायला शिकली होती. आठवीत असताना बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलीनं नाकाला रुमाल लावला आणि बाईंना सांगून जागा बदलून घेतली. बाईंनी कारणही विचारलं नाही. कारण सगळ्या वर्गाला माहीत होतं. त्या दिवसापासून गिरजा विळीवर बसली नाही. माय आधी रागावली, मग बोलायचीच थांबली.

पुढं गिरजानं लॅबचा कोर्स केला, नागपुरात एका दवाखान्यात लागली. तिथं मशिनं दुरुस्त करायला येणाऱ्या वर्ध्याच्या जगन्नाथशी तिचं जमलं, आणि त्याच्या नोकरीमागं दोघं अमेरिकेत हिल्सबरोला आली. इथं तिला हॉस्पिटलच्या तळघरात काम मिळालं. ऑपरेशनची हत्यारं धुवायची, भिंगाखाली तपासायची, वाफेच्या मशीनमधून काढून पेट्यांत लावायची. कात्र्या, चिमटे, पकडी. त्या खोलीला खिडकी नव्हती आणि कशालाच वास नव्हता. वर ज्यांची पोटं उघडली जात त्यांना गिरजाचं नावही कधी कळलं नाही. पण तिला ते काम आवडायचं. उलटून पालटून पाहिलेल्या लखलखीत कात्रीत डाग दिसला नाही, की तिला बरं वाटायचं.

महाराष्ट्र मंडळात कुणी विचारलं तर ती सांगे, वडील इरिगेशनमध्ये होते. उर्वीलाही तेच सांगितलं. घरात चिकन व्हायचं, अंडी व्हायची, मासा कधीच नाही. "बाबांना चालत नाही," असं पोरीला सांगितलं होतं, आणि जगन्नाथनं ते खोटं मुकाट्यानं निभावलं होतं. दुपारी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये तो आवडीनं मासे खायचा.

आणि मुलीनं जाऊन लग्न कुठं केलं, तर जिथं अंगणात मासे टांगलेले असतात अशा घरात. त्यांचे फ्रीजर माशांनी भरलेले, गाडीच्या सीटला वास, जाकिटाला वास. तेच जाकीट घालून उर्वी आईच्या घरी यायची, मंडळाच्या दिवाळीलाही एकदा तसंच घालून आली. "माझ्या सासूनं मला फिश कट करायला शिकवलंय," असं मंडळातल्या नीना देशमुखला कौतुकानं सांगत होती, आणि नीनासुद्धा, "वॉव, हाऊ ऑथेंटिक," म्हणत होती. गिरजा हातातली प्लेट ठेवून बाथरूममध्ये गेली होती. ज्या वासापायी आपण गाव सोडलं, मायला सोडलं, तो वास लोरेटाच्या अंगावर दागिन्यासारखा शोभत होता. तिला काही लपवावं लागलं नव्हतं. आणि आपली मुलगी तिच्या हाताखाली बसून तेच शिकत होती, जे आपल्या हातात होतं. सवतीचा करावा तसा गिरजा विहिणीचा हेवा करू लागली. वेस्ली तिला नीट उच्चार करून "आई" म्हणायचा, तेवढं एक तिला आपल्या हक्काचं वाटायचं.

जुलैत उर्वी दोन दिवस राहायला आली. आता पोट दिसत होतं. गिरजानं कढीगोळे केले, भरली वांगी केली, शेवयांची खीर केली. उर्वीनं सगळं ताटात घेतलं, थोडं थोडं खाल्लं, छान झालंय म्हणाली. मग उठून ओट्याशी गेली, बॅगेतून कागदी पिशवी काढली आणि त्यातला सुकवलेल्या माशाचा तुकडा दातांनी तोडून उभ्या उभ्या खाऊ लागली. डोळे मिटून खात होती.

"सॉरी, आई. आय कान्ट हेल्प इट. मला याचेच डोहाळे लागलेत."

"जेवून तरी घे आधी."

"जेवले ना." तिनं अजून एक तुकडा काढला. "हा मॉमच्या अंकलनी वाऱ्यावर वाळवलाय. फॉल सीझनपर्यंत आता दुसरा नाही. अर्धा तुझ्यासाठी दिलाय तिनं. टेस्ट कर ना. बाबांना नको देऊ हवं तर."

दुपारी उर्वी झोपली. जगन्नाथ लायब्ररीत गेला होता. गिरजा ओट्याशी उभी राहिली आणि तिनं पिशवी उघडली. वास नाकात शिरला आणि पवनीच्या घराच्या कवेलूंवर मायनं वाळत घातलेले मासे तिला दिसले. कावळे हाकलायला काठी घेऊन आपण खाली बसलोय. तिनं एक तुकडा ओठांपर्यंत नेला. तेवढ्यात आतल्या खोलीत उर्वी झोपेत कुशीवर वळली, पलंग करकरला. गिरजानं तो तुकडा पिशवीत टाकला, पिशवी गुंडाळली, मागच्या दारानं बाहेर गेली आणि कचऱ्याच्या डब्यात वांग्याच्या देठांखाली खोल दाबली.

"खराब झाला होता," उर्वीनं विचारल्यावर ती म्हणाली. "वास मारत होता."

उर्वी तिच्याकडे बघत राहिली.

"आई, ड्राइड फिश खराब होत नाही."

हे गिरजाइतकं कुणाला माहीत असणार? उर्वी भांडली नाही. तिनं आपला ग्लास धुऊन पालथा घातला, आणि दुसऱ्या दिवशी थांबायची होती ती त्याच संध्याकाळी मद्रासला निघून गेली.

"काहून केलंस असं?" जगन्नाथनं विचारलं. दोघंच असली की तो वर्ध्याचं बोलायचा.

"मला वास सहन होत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"वास नाही, गिरजा. ती बाई सहन होत नाही तुला."

ऑगस्टभर मायलेकींचे फोन झाले, पण कामापुरते. मग सप्टेंबरात एकदा उर्वी आपणहून म्हणाली, "माझं डोहाळजेवण कर ना, आई." गिरजाचा जीव भांड्यात पडला. ती कुणाकुणाला बोलवायचं ते सांगू लागली, तर उर्वी म्हणाली, "पण फॉल्सवर करू. मासे आलेत. वेस्लीला आत्ता हलता येणार नाही. अँड मॉम ऑल्सो." गिरजाच्या तोंडावर नाही आलं होतं. जगन्नाथनं शेजारून तिच्या हातावर हात ठेवला, आणि ती म्हणाली, "बरं."

त्या दिवशी फॉल्सवर वारा सुटला होता. डोंगरांवरचं गवत वाळून पिवळंधमक झालं होतं. वेस्लीच्या पिकअप ट्रकचं मागचं फळकं खाली पाडून त्यावर गिरजानं चादर अंथरली आणि उर्वीला बसवलं. टी-शर्टवरूनच हिरवी साडी गुंडाळली, हिरव्या बांगड्या भरल्या, गजरा माळला. तांदूळ ओटीत पडायच्या आधीच वाऱ्यानं उडत होते.

लोरेटा हात पुसत आली आणि बाजूला उभी राहिली. "मी काय करू?" तिनं विचारलं.

"काही नाही. बस तू," गिरजा म्हणाली.

"आई," उर्वी हळूच मराठीत म्हणाली, "तिलाही भरू दे ना."

गिरजानं नारळ आणि तांदूळ लोरेटाच्या हातात दिले. लोरेटानं गिरजाला ओटी भरताना एकदाच बघितलं होतं, पण तिनं अगदी तसंच केलं. दोन्ही हातांची ओंजळ, खाली वाकून, वारा अडवायला पाठ नदीकडे करून. एक दाणा उडाला नाही. उर्वीचे डोळे भरून आले. आपण केलं तेव्हा ते कोरडे होते, हे गिरजानं पाहिलं. आपली रीत कुणी इतकं मन लावून करावी, याचाही तिला राग आला.

जेवणं झाली. दुपारी मासे जोरात चढू लागले. वेस्ली मचाणावरून एकामागून एक वर पाठवत होता आणि टेबलावर ढीग लागला. बर्फ संपला तेव्हा उर्वी साडी सोडून जगन्नाथबरोबर बर्फ आणायला गेली. टेबलाशी लोरेटा एकटी उरली. गिरजा खुर्चीवर बसून होती.

"तो मासा खराब झाला नव्हता," लोरेटा काटा सोडवता सोडवता म्हणाली.

पाण्याच्या आवाजात ऐकू आलं नाही असं दाखवता आलं असतं. गिरजानं नदीकडे बघितलं.

"उर्वीनं मला सांगितलं खराब झाला म्हणून. पण माझ्या अंकलचा मासा खराब होत नाही."

"मी टाकला," गिरजा म्हणाली.

"वाटलंच मला." लोरेटानं सुरी पुसली. तिच्या आवाजात राग नव्हता, असलाच तर जुना होऊन बसला होता. "मी एकदा तिचा फोन लपवला होता. ती बाहेर कपडे वाळत घालत होती आणि तुझा फोन आला. वाजतच होता. मी तो सोफ्याच्या उशीखाली घातला आणि उशीवर बसले."

गिरजा तिच्याकडे बघतच राहिली. "कधी? मार्चमध्ये? माझ्या वाढदिवसाला?"

"असेल. तुझा वाढदिवस होता ते मला माहीत नव्हतं."

"मला वाटलं, तिला माझ्याशी बोलायचं नाही."

"मला तेच हवं होतं," लोरेटा म्हणाली.

तिनं दुसरा मासा ओढला, पण कापला नाही. त्याच्यावर हात ठेवून उभी राहिली.

"रोज संध्याकाळी ती माझ्या घरात, माझ्या खुर्चीत बसून तुझ्याशी बोलते. मला अक्षर कळत नाही. मध्येच हसते. काय झालं म्हटलं, तर म्हणते, इंग्रजीत सांगितलं तर मजा जाईल. माझी आई आणि मावश्या अशाच बोलायच्या, आमच्या भाषेत. आम्ही पोरं दाराशी बसून ऐकायचो. मला चार-दोन शब्द येतात. पाणी. मासा. बस. खा. आईला शाळेत त्या भाषेपायी मार बसला होता. म्हणून तिनं आम्हाला ती दिलीच नाही. आमच्या भल्यासाठी. आता शाळेत ती शिकवतात, माझी पुतणी शिकून येते आणि माझे शब्द सुधारते. मला तिचा इतका राग येतो." ती थोडी हसली. "आईवर रागावता येत नाही, ती वाईट नव्हती. पण मला हवी होती ती भाषा, गिरजा. मला कुणी विचारलं नाही. आणि तुझी मुलगी माझ्यासमोर बसून आईशी तिच्या भाषेत बोलते. वर माझा मुलगा तुला आई म्हणतो. त्याचा अर्थ मी विचारून घेतलाय."

"उर्वीचं मराठी चांगलं नाही," गिरजा म्हणाली. "फार चुकते."

"मला ते काय कळणार?"

खालून वेस्लीनं हाक मारली, अजून एक मासा दोरीवरून वर आला. लोरेटा तो घ्यायला वळली. तिच्या बोटांचे सांधे सुजले होते. मासा धरताना ती ओठ आवळत होती. ढीग तिच्या एकटीनं आवरणार नव्हता.

गिरजा उठली. तिनं अंगठ्या काढून पर्समध्ये टाकल्या, खाली वाकून मूठभर कोरडी माती घेतली आणि मासा निसटू नये म्हणून तळहातांना चोळली. राख नव्हती, मातीवर भागवायचं होतं. मग तिनं ढिगातला एक मासा शेपटीशी घट्ट धरून ओढला, उर्वीची सुरी घेतली, डोकं उतरवलं, पोट उघडलं, एका हातानं आतलं सगळं काढून टाकलं आणि आडवे तुकडे पाडू लागली. पहिल्या दोन तुकड्यांना हात चाचपडला. विळी पायाखाली स्थिर असते, इथं पातंच हलत होतं. तिसऱ्या तुकड्यापासून मनगटानं आपलं आपण सुरू केलं. सुरी काट्यावर नेमकी दोन मणक्यांमध्ये पडू लागली.

लोरेटा थांबून बघत होती. मग तिनं आपली फळी थोडी सरकवून जागा केली.

"तुझ्याकडे असं कापतात?"

"माझ्या मायकडे," गिरजा म्हणाली.

बर्फाच्या पिशव्या घेऊन उर्वी आली तेव्हा तिनं आधी टेबल पाहिलं, मग आईचे कोपरापर्यंत माखलेले हात. जगन्नाथनं पिशव्या खाली ठेवल्या आणि तो कठड्याकडे निघून गेला.

"आई? तुला हे येतं?"

"येतं."

"कुणी शिकवलं?"

"तुझ्या आजीनं. ती पवनीच्या बाजारात मासे विकायची. बाप डोंगा घेऊन नदीत जायचा."

"यू सेड ही वॉज इन इरिगेशन."

"नदीतच होता ना." गिरजानं सुरी थांबवली नाही.

उर्वीनं हातातली पिशवी टेबलाखाली ठेवली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "फोर्थ ग्रेडमध्ये माझा फॅमिली प्रोजेक्ट होता. मी धरण काढलं होतं, आई. कार्डबोर्डचं. तू मला निळा रंग आणून दिला होतास."

"हो."

"का पण?"

"तुझ्या अंगाला वास येऊ नये म्हणून."

उर्वीनं आपल्याच हातांकडे पाहिलं. लोरेटा बर्फाची पिशवी फोडण्यात गुंतल्यासारखी झाली होती. गिरजाला वाटलं, आता पोरगी रडेल, किंवा येऊन बिलगेल. उर्वीनं यातलं काहीच केलं नाही. तिनं एक मासा पुढ्यात घेतला आणि म्हणाली, "दाखव. कसं ते."

गिरजानं तिच्यामागं उभं राहून तिच्या मनगटावर हात ठेवला. हिरव्या बांगड्या मध्ये येत होत्या. "आडवी धर. सरळ खाली." उर्वीनं सुरी दाबली. सुरी काट्यावर आपटून सरकली आणि तुकडा तिरका फाटला. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा तिचा हात आपोआप वळला आणि काट्याच्या कडेनं लांबवर चालू लागला, जसा लोरेटानं शिकवला होता तसा. ते तिच्याही लक्षात आलं. ती थांबली.

"सॉरी, आई. माझा हात आता असाच जातो."

"जाऊ दे," गिरजा म्हणाली. "चांगला जातो."

उर्वी आपली फळी घेऊन लोरेटाच्या बाजूला सरकली. उजेड तिकडे जास्त होता, जागाही होती. तरीही गिरजाला झोंबायचं ते झोंबलंच. लोरेटानं मान वर न करता म्हटलं, "माझ्याकडे एक खोली रिकामी आहे. नोव्हेंबरात ये. दोन म्हाताऱ्या लागतीलच."

"बघू," गिरजा म्हणाली. रजेचा अर्ज सोमवारी टाकायचा असं तिनं मनात ठरवलं होतं, पण इतक्यात तिला ते सांगायचं नव्हतं.

उन्हं कलती झाली तशी रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या मासे घ्यायला थांबू लागल्या. उर्वी आणि लोरेटाचे हात गुंतले होते, म्हणून बर्फाच्या पेटीशी गिरजा जाऊन उभी राहिली. एका कॅम्पर व्हॅनमधून गवती टोपी घातलेली गोरी, वयस्क बाई उतरली. तिनं पेटीत डोकावून पाहिलं.

"ताजे आहेत का?"

गिरजानं एक मासा दोन्ही हातांनी उचलला, अंगठ्यानं कल्ला उघडून आतला लाल रंग दाखवला. "आत्ताचा आहे. माझ्या जावयानं धरलाय."

बाईनं मान डोलावली. तिचं लक्ष टेबलाकडे गेलं. तिकडे दोघी शेजारी शेजारी वाकून उभ्या होत्या, एक पांढऱ्या वेण्यांची, एक पोटुशी. दोघींच्या सुऱ्या काट्याच्या कडेनं एकाच चालीत जात होत्या. एकीनं सुरी पुसली की दुसरीही पुसत होती.

"मायलेकी ना त्या?" बाई कौतुकानं म्हणाली. "हात किती सारखे चालतात."

गिरजानं वळून पाहिलं. उर्वीनं जिभेचं टोक दातांत धरलं होतं.

"हो," ती म्हणाली. "आईनंच शिकवलंय तिला."

मग तिनं मासा पुन्हा बर्फावर ठेवला आणि कागद फाडायला घेतला. "कापून देऊ की अख्खा नेणार?"